न वाचता दिलेला होकार

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण, स्मरणिकेसाठी थोडे आटोपशीर करून.)



माझे माहेर अमरावतीचे, सासर अकोल्याचे. त्यामुळे इथे पाहुणी म्हणून उभे राहताना थोडे अवघडल्यासारखे होते. माहेरी आलेल्या मुलीला कोणी खुर्चीवर बसवून हार घातला म्हणजे तिला जसे वाटेल, तसेच. चिटणीसबाईंनी पत्रात विषय कळविला होता ‘संगणक आणि गृहिणी’. विषय मोठा, वेळ अर्ध्या तासाची, आणि मागच्या खोलीतून फराळाचा वास येऊ लागला आहे. तेव्हा त्या मोठ्या विषयाचा एक लहानसा तुकडाच मी आज घेणार आहे.

अकोल्याला मी मुलींना आणि मोठ्या बायकांना संगणक शिकविते. त्यांना मी नेहमी एक प्रश्न विचारते. तुमच्या फोनवर किंवा संगणकावर ‘अपडेट आले आहे, आता करायचे का?’ अशी पाटी येते, तेव्हा तुम्ही काय करता? दहापैकी आठजणी सांगतात, ‘हो म्हणतो.’ एखादी सांगते, ‘आम्हाला विचारतच नाही, आपोआप होते.’ आणि एखादी म्हणते, ‘बाई, ती पाटी मी कधीच वाचली नाही, मधे आली की बाजूला सारते.’ या तिन्ही उत्तरांत थोडाथोडा धोका आहे. तो कोणता, आणि त्यावर आपल्याला घरच्या घरी काय करता येईल, एवढेच मला सांगावयाचे आहे.

आधी अपडेट म्हणजे काय ते पाहू. संगणक स्वतःच्या बुद्धीने काहीच करीत नाही. त्याला आज्ञांची एक जाडजूड वही दिलेली असते, तिलाच सॉफ्टवेअर म्हणतात. ही वही माणसांनी लिहिलेली असते, तेव्हा तीत चुका राहतात. कुठे एखादी फट राहते आणि तीतून चोर आत शिरू शकतो. फट ध्यानात आली की कंपनी ते पान बदलून पाठविते. कधी फट बुजवायची असते, कधी नवी सोय द्यायची असते, तर कधी नुसती नव्या चोरांच्या वर्णनाची यादी पाठवायची असते. हे सारे अपडेटच. पाने बदलणारी कंपनी दूर देशी असते आणि वही आपल्या घरात असते, म्हणून ती आपल्याला विचारते, ‘येऊ का आत?’ आपण एकदा ‘आपोआप’ या शब्दापुढे खूण केली, की मग विचारण्याचे कारणच उरत नाही. तिचा माणूस केव्हाही यावा, कुठलेही पान फाडावे, दुसरे लावावे, आणि आपण झोपेत असावे.

आता तुम्ही म्हणाल, की कंपनी मोठी, तिची माणसे शिकलेली. त्यांच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कोणावर? विश्वास जरूर ठेवावा. पण विश्वास ठेवणे आणि डोळे मिटणे यांत अंतर आहे. ते किती आहे, हे साऱ्या जगाने १९ जुलै २०२४ रोजी पाहिले.

तो शुक्रवार होता. आषाढी एकादशी होऊन दोनच दिवस झाले होते. आपल्याकडे सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटे झाली असताना क्राउडस्ट्राइक नावाच्या अमेरिकन कंपनीने एक लहानसे अपडेट पाठविले. ही कंपनी संगणकांवर पहारा ठेवण्याचे काम करते. तिचे गिऱ्हाईक म्हणजे विमान कंपन्या, बँका, इस्पितळे, सरकारी कचेऱ्या. पाठविली ती वर सांगितली तशी चोरांच्या वर्णनाची यादी होती. पण त्या यादीत एकवीस रकाने धरलेले होते आणि ती वाचणाऱ्या आज्ञावलीला वीसच रकाने मिळत होते. एकविसावा रकाना शोधताना ती आपल्या हद्दीबाहेर गेली, आणि विंडोजवर चालणारा संगणक निळा पडदा दाखवून बंद पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद. यादी पाठविण्यापूर्वी तपासणारी जी यंत्रणा होती, तिच्यातच दोष असल्याने चूक तिच्या नजरेतून सुटली होती.

कंपनीने ७८ मिनिटांत अपडेट मागे घेतले. पण तोवर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, सुमारे ८५ लाख संगणक बसले होते. आपल्या देशात इंडिगोसारख्या विमान कंपन्यांची माणसे प्रवाशांना हाताने लिहून पास देऊ लागली. त्या एका कंपनीची सुमारे दोनशे उड्डाणे रद्द झाली. रिझर्व्ह बँकेने सांगितले, की आपल्याकडील दहा बँका व वित्तसंस्थांना किरकोळ अडथळा झाला. बहुतेक बँका हा पहारेकरी वापरीतच नव्हत्या, म्हणून आपण थोडक्यात निभावलो.

यात दोन गोष्टी विचार करण्याजोग्या आहेत. पहिली अशी, की बिघाड दुरुस्त करणारे नवे अपडेट या बंद संगणकांपर्यंत सहजी पोचेना. संगणक सुरूच होत नाही, तर ते घेणार कसे? वैद्य दाराशी आला आणि दार उघडणाराच बेशुद्ध, असा प्रकार. शेवटी माणसांनी एकेका संगणकापाशी जाऊन ती एक फाईल हाताने काढली. दुसरी गोष्ट अशी, की कित्येक कचेऱ्यांनी सावधगिरी म्हणून मुद्दाम एक पायरी मागची आवृत्ती ठेवली होती. पण तो नियम मुख्य आज्ञावलीला लागू होता. रोज येणाऱ्या याद्यांना नव्हता. याद्या त्या नियमाला वळसा घालून थेट आत येत असत. म्हणजे पुढच्या दाराला कुलूप होते आणि परसदार उघडे होते. पुढे कंपनीने आपली रीत बदलली. याद्या टप्प्याटप्प्याने पाठवायच्या आणि त्या केव्हा घ्यायच्या हे गिऱ्हाइकाला ठरवू द्यायचे, असे तिने कबूल केले. जी सोय आधी हवी होती, ती अनर्थानंतर आली.

इथे कोणाचा हेतू वाईट नव्हता. निव्वळ चूक होती. पण अपडेटच्या दाराने वाईट हेतूही आत येऊ शकतो, आणि तो आपल्या महाराष्ट्रात येऊन गेला आहे.

युक्रेन देशात हिशेब व करभरणा यांसाठी एम. ई. डॉक नावाचे सॉफ्टवेअर घरोघरच्या व्यापाऱ्यांत चालते. आपल्याकडचे दुकानदार हिशेबाला टॅली वापरतात, तसेच समजा. चोरट्यांनी ग्राहकांची दारे फोडली नाहीत. त्यांनी ते सॉफ्टवेअर बनविणाऱ्या कंपनीचेच घर फोडले आणि तिच्या अपडेटमध्ये आपली चोरवाट मिसळून दिली. कंपनीचे नाव खरे, पाटी खरी. आतला माल तेवढा विषारी. ज्यांनी नियमाने अपडेट घेतले, त्यांच्याच घरात विष गेले. २७ जून २०१७ रोजी त्या वाटेने नॉटपेट्या नावाचे विध्वंसक सॉफ्टवेअर सुटले. ते एका संगणकातून दुसऱ्यात आपल्या पायाने जाई. मर्स्क ही डेन्मार्कची बलाढ्य जहाज कंपनी. तिच्या युक्रेनमधल्या कचेरीतही हे हिशेबाचे सॉफ्टवेअर होते. तिथून आग साऱ्या कंपनीत पसरली, आणि जवाहरलाल नेहरू बंदरातले, म्हणजे आपल्या न्हावाशेव्यातले, तिच्या समूहाकडून चालविले जाणारे टर्मिनल ठप्प झाले. कुठला युक्रेनचा हिशेबनीस, आणि कुठे उरण-पनवेलच्या रस्त्यावर खोळंबणारे मालमोटारवाले!

वऱ्हाडाला याचे नवल वाटू नये. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेव्हा इथल्या कापसाचे भाव आकाशाला भिडले आणि युद्ध संपताच कोसळले, हे आपल्या पणजोबांच्या पिढ्यांनी भोगलेले आहे. दूरच्या घरी शिंकले की इथे पडसे होते, हे आपल्याला जुने आहे. फरक एवढाच, की तेव्हा बातमी यायला दिवस लागत. आता संकट मिनिटांत येते.

मर्स्कने पुढे चार हजार मोठे आणि पंचेचाळीस हजार साधे संगणक दहा दिवसांत पुन्हा उभे केले, असे तिच्या अध्यक्षांनी सांगितले. नुकसान पंचवीस ते तीस कोटी डॉलरचे. पण उभे कशाच्या जोरावर केले, तेही ऐका. कोणत्या संगणकावर कोणाला प्रवेश, याची जी मूळ यादी लागते, तिच्या कंपनीभर ठेवलेल्या प्रती एकदमच नष्ट झाल्या होत्या. एक तेवढी वाचली, आफ्रिकेतल्या घाना देशाच्या कचेरीत. ती का वाचली? तर त्या वेळी तिथे वीज गेली होती! आपल्याकडे भारनियमनाला आजवर कोणी दुवा दिला नसेल, पण तिथे वीज गेली म्हणून एवढी मोठी कंपनी सावरली. यातला विनोद सोडला तरी धडा पक्का आहे. जी प्रत जाळ्याला जोडलेली नव्हती, तीच वाचली.

विमाने आणि जहाजे आपल्या मंडळापासून दूरची वाटत असतील, तर फोनकडे येऊ. एक फुकट मिळणारे ॲप होते, वस्तूंवरच्या काळ्या रेघा वाचून देणारे ‘बारकोड स्कॅनर’. एक कोटीहून अधिक लोकांनी ते घेतले होते. वर्षानुवर्षे ते गुणी मुलासारखे वागले. डिसेंबर २०२० मध्ये त्याचे एक अपडेट आले आणि त्यानंतर फोनवर आपोआप जाहिरातींची पाने उघडू लागली. लोक चक्रावले, ‘आम्ही तर नवे काहीच घेतले नाही!’ नवे घेतले नव्हते हे खरे. जुनेच रात्रीतून बदलले होते. दुसरे एक, फोनचा पडदा ध्वनीसह टिपून घेणारे ‘आयरेकॉर्डर’. सप्टेंबर २०२१ मध्ये ते बाजारात आले ते निर्दोष. ऑगस्ट २०२२ च्या सुमारास त्यात अपडेटने असा भाग घातला, की ठराविक वेळाने फोनचा माइक चालू करून आजूबाजूचा आवाज टिपावा आणि बाहेर पाठवावा. माइक वापरण्याची परवानगी लोकांनी पूर्वीच दिलेली होती. ॲपचे कामच ते होते. पन्नास हजार लोकांनी ते घेतलेले होते. मे २०२३ मध्ये तज्ज्ञांनी ही गोष्ट उजेडात आणली आणि ते काढून टाकण्यात आले.

म्हणून मी म्हणते, की आपण ‘आपोआप’ला होकार देतो, तेव्हा तो आजच्या ॲपपुरता नसतो. उद्या ते कोणाच्या हाती जाईल आणि काय होईल, त्यालाही तो होकार असतो. मुलगी देताना आपण स्थळ पाहतो, घर पाहतो, चार ठिकाणी चौकशी करतो. इथे मात्र घराची किल्ली कोऱ्या कागदावर सही करून देतो.

हे ऐकून कोणी घरी जाऊन सारी अपडेटे बंद करील, तर माझ्या भाषणाने उपकारापेक्षा अपकारच व्हायचा. त्याचीही गोष्ट सांगते. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधली एक मोठी फट बुजविणारे अपडेट काढले. पुष्कळांनी ते घेतले नाही. ‘मग पाहू’ म्हणून बाजूला सारले. १२ मे २०१७ रोजी त्याच फटीतून वॉनाक्राय नावाचे खंडणीखोर सॉफ्टवेअर दीडशे देशांत शिरले. फाइलींना कुलूप घालायचे आणि किल्लीसाठी पैसे मागायचे, हा त्याचा धंदा. इंग्लंडमधल्या सरकारी इस्पितळांत हजारो रोग्यांच्या ठरलेल्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. औषध दोन महिने आधी दाराशी येऊन पडले होते, घेतले मात्र नव्हते. तेव्हा न वाचता ‘हो’ म्हणणे जसे घातक, तसेच न वाचता ‘नको’ म्हणणेही घातक. पाटी वाचली पाहिजे, हाच यातला मुद्दा.

वाचून, जोखून होकार द्यायचा म्हणजे कसा, हे शिकायला आपल्याला अमेरिकेला जायला नको. आपल्या वऱ्हाडातला शेतकरी ते जाणतो. २०२० च्या खरिपात विदर्भात आणि मराठवाड्यात सोयाबीनचे बी उगवले नाही म्हणून केवढा हाहाकार झाला, तो आपण पाहिला आहे. पिशवीवर छाप होता, कंपनीचे नाव होते, पण कोंब नव्हता. कित्येकांवर दुबार पेरणीची पाळी आली. कृषी खाते म्हणूनच दर वर्षी सांगते, की पेरण्याआधी घरी उगवण तपासा. शंभर दाणे मोजून घ्यायचे, ओल्या गोणपाटात ओळीने मांडायचे, गुंडाळून ठेवायचे, पाणी शिंपडीत राहायचे, आणि आठवडाभराने कोंब मोजायचे. सत्तर किंवा अधिक निघाले तर बी पेरणीला चांगले. यात कंपनीवर अविश्वास नाही आणि पेरणी टाळणेही नाही. पाऊस पडला की पेरायचे आहेच. पण सारे शेत पणाला लावण्याआधी शंभर दाणे पणाला लावायचे, एवढेच.

संगणकाच्या बाबतीत शहाण्या कचेऱ्या हेच करतात. अपडेट आले की आधी एकदोन संगणकांवर घेतात, चार दिवस वापरून पाहतात, मग बाकीच्यांवर. आपल्या म्हणीत सांगायचे तर, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोजची एक मोठी सुधारित आवृत्ती आली. ज्यांनी घाईने स्वतः शोधून ती घेतली, त्यांच्यातल्या काहींची साठविलेली कागदपत्रे आणि छायाचित्रेच पुसली गेली. चार दिवसांत मायक्रोसॉफ्टने तिचे वाटप थांबविले. ज्यांनी आठवडाभर दम धरला, त्यांच्यापर्यंत तो दोष पोचलाच नाही.

अकोल्याकडच्या एका पतसंस्थेत मी स्वतः पाहिलेला प्रसंग सांगते. नाव घेण्याचे कारण नाही. दिवाळीआधीचा आठवडा, बचत गटांच्या बायकांना ठेवी परत देण्याचा दिवस. खेड्यांतून बायका सकाळच्या गाडीने आलेल्या. दहा वाजता संगणक सुरू केला, तर पडद्यावर ‘अपडेट चालू आहे, बंद करू नका’. तासाभराने तो उघडला, पण पावत्या छापणारे यंत्र त्याला ओळखीना, आणि हिशेबातली मराठी अक्षरे जुन्या फॉन्टची असल्याने चौकोन-चौकोन दिसू लागली. शिपायाला विचारले, तर तो म्हणतो, ‘मले काय मालूम बाई? दुकानातल्या पोरानं आपोआप करून ठेवलं, अन् सायबानं हो म्हटलं.’ सायबांना विचारले, तर ते म्हणाले, ‘त्यात वाचायचे काय असते?’

त्या दिवशी संस्था तरली ती खजिनदारबाईंमुळे. रोज संध्याकाळी खातेवार शिलकेचा कागद छापून त्या फडताळात ठेवीत. लोक त्यांना हसत, ‘संगणक असताना कागद कशाला?’ त्या कागदांवरून त्यांनी हाताने पावत्या लिहिल्या आणि संध्याकाळच्या गाडीने बायका पैसे घेऊन घरी गेल्या. पैसा बुडाला नाही. पण तान्ही मुले कडेवर घेऊन पाच तास ताटकळलेल्या त्या बायकांच्या चेहऱ्यांवर जी शंका उमटली होती, ‘आपले पैसे आहेत ना?’, ती मला विसरता येत नाही. बचत गट पैशांवर चालत नाही, विश्वासावर चालतो. तो एका पाटीमुळे डळमळू द्यावा का?

आता आपल्या मंडळाकडे येते. चिटणीसबाईंनी सांगितले, की वर्गणीची यादी, शिवणवर्गाची हजेरी, गटांचे हिशेब, सारे कोपऱ्यातल्या त्या एका संगणकावर आहे. म्हणून काही गोष्टी सुचविते. घरीही त्या उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट, अपडेट कुठून आले ते पाहावे. खरे अपडेट फोनच्या ‘सेटिंग्ज’मधून किंवा प्ले स्टोअरमधून येते. व्हॉट्सॲपवरून कधी येत नाही, फोन करून कोणी घ्यायला सांगत नाही, आणि एखादे पान वाचताना मध्येच ‘तुमचा फोन जुना झाला, ताबडतोब अपडेट करा’ असे ओरडत नाही. बँकेचे अपडेट, दंडाची पावती, योजनेचा अर्ज, इतकेच काय लग्नाची पत्रिका म्हणूनही ‘एपीके’ नावाची फाईल पाठवितात. ती उघडली की फोनचा ताबा दुसऱ्याकडे. अशा फाइलीला हात लावू नये. कोणी फसलेच आणि पैसे गेले, तर लाजून घरात बसू नये. त्याच घटकेला १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेला कळवावे. जितका उशीर, तितकी पैसे अडविण्याची आशा कमी.

दुसरी गोष्ट, काय आपोआप ठेवावे आणि काय नाही, याची निवड करावी. घरच्या फोनची सुरक्षेची अपडेटे, बँकेचे ॲप, ज्याने पैसे देतो ते ॲप, ही आपोआप राहू द्यावीत. त्यांत उशीर धोक्याचा. पण विजेरीची, वॉलपेपरची, फोटो सजविण्याची जी फुकट ॲपे मुलांनी घेऊन ठेवली आहेत, त्यांतली न लागणारी सरळ काढून टाकावीत. माळ्यावरची अडगळ दिवाळीला काढतो, तशीच. उरतील त्यांना माइक, कॅमेरा, संपर्क यांची परवानगी खरोखर लागते का, ते मधूनमधून पाहावे. विजेरीच्या ॲपला तुमच्या जावेचा नंबर कशाला हवा?

तिसरी गोष्ट, वेळ आपण ठरवावी. मंडळाच्या संगणकात विंडोज अपडेटच्या पानावर पाच आठवड्यांपर्यंत विसावा देण्याची सोय आहे; आणि अपडेट निघाल्याबरोबर सर्वांच्या आधी मिळावे, अशी एक कळ आहे, ती बंद असू द्यावी. सुरक्षेची मासिक दुरुस्ती आठवडाभरात घ्यावी. सबंध नवी आवृत्ती आली, तर महिना-दीड महिना वाट पाहण्याने काही बिघडत नाही. हिशेबाच्या दिवशी, वसुलीच्या दिवशी आणि वीज जाण्याच्या वेळी अपडेट घेऊ नये.

चौथी गोष्ट, आधी प्रत, मग होकार. आठवड्यातून एकदा साऱ्या फाइली पेनड्राइव्हवर उतरवाव्यात, आणि तो काढून कपाटात ठेवावा. संगणकालाच लटकलेला पेनड्राइव्ह म्हणजे दाराला लावून ठेवलेली दुसरी किल्ली. घानाची ती वाचलेली प्रत आठवावी. शिवाय महिन्याच्या शेवटी शिलकेचा कागद छापावा. नव्या संगणकांत बहुधा साठवणीला कुलूप असते आणि त्याची ४८ अंकी किल्ली असते. एखाद्या अपडेटनंतर संगणक ती अचानक मागतो. ती किल्ली आजच शोधून, लिहून, दोघींनी जपून ठेवावी.

पाचवी गोष्ट, जुन्या यंत्राचे. विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्या. आपले यंत्र त्यातले असेल तर पुढे काय करायचे, हे कार्यकारिणीने जाणत्याला विचारून ठरवावे. तोवर त्यावर पैशांचे व्यवहार न केलेले बरे.

आणि सहावी गोष्ट, साधी नोंदवही. कोणत्या तारखेला कोणते अपडेट घेतले, कोणी घेतले, आणि त्यानंतर छपाई, मराठी अक्षरे आणि हिशेब तपासले का. चार रकाने पुरेत. बिघाड झाला तर दुरुस्त करणाऱ्याला ही वही दाखविली की अर्धे काम होते.

शेवटी थोडे मनातले बोलते. घराघरात मी पाहते, की हा होकार बहुधा बाई देत नाही. फोन तिचा, बँकेत खाते तिचे, फोटो तिच्या नातवंडांचे. पण पाटी आली की ती मुलाकडे, जावयाकडे किंवा दुकानातल्या पोराकडे फोन देते, आणि तो न पाहता अंगठा टेकवतो. हा अंगठा जुन्या काळच्या सावकाराच्या कागदावरच्या अंगठ्यापेक्षा फार निराळा आहे, असे मला वाटत नाही. तेव्हा वाचता येत नव्हते म्हणून अंगठा लागे. आज वाचता येते, तरी आपण वाचीत नाही. आपल्या आया आणि आज्या सही करायला शिकल्या, त्या नुसते नाव गिरविण्यासाठी नव्हे. कशावर सही करतो ते कळावे, म्हणून शिकल्या.

माझी कार्यकारिणीला विनंती आहे, की या वर्षी दोन भगिनींकडे हे काम नावानिशी सोपवावे. एकीने अपडेट घ्यावे, दुसरीने तपासावे. पहिले सहा महिने अकोल्याहून येऊन त्यांच्यासोबत बसण्याची माझी तयारी आहे; भाड्याची चिंता नको, माहेरी येण्याला निमित्तच मिळेल. पुढच्या वर्षीच्या अहवालात शिवणवर्ग आणि हळदीकुंकवाच्या जोडीने या नोंदवहीचीही एक ओळ छापून आली, तर मला आजच्या हारापेक्षा अधिक आनंद होईल.